सध्या टेबलावर काय आहे? (प्लास्टिक मॉडेलवाले, कोल्हापूर आणि आसपास)

शून्य_पॉइंट_तीन
पाऊस लागलाय. खिडकी उघडली तर शिंतोडे, बंद केली तर घरभर थिनरचा वास आणि मग घरच्यांचं ऐकून घ्या. म्हणजे रंगकामाला सुट्टी आणि कापाकापी, चिकटवाचिकटवी, घासाघाशीला मुहूर्त. या दिवसांत सगळ्यांचीच अर्धवट मॉडेलं खोक्यातून बाहेर येतात, म्हणून हा धागा काढतोय. अट एकच: तयार मॉडेल दाखवायचं नाही, त्याला वेगळा धागा आहे. इथे पुट्टी दिसली पाहिजे.

माझ्यापासून सुरुवात. मिग-२१, १/४८ (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या मापात). सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला मिगला निरोप दिला, तेव्हापासून जो तो बायसन (शेवटपर्यंत उडालेलं सुधारित मिग-२१) करतोय. मला करायचंय त्याच्या कितीतरी आधीचं एफएल, म्हणजे टाइप ७७. हेच ते नाशिकजवळ ओझरला एचएएलने बनवलेलं. एड्युआर्डच्या १/४८ मिग-२१ मालिकेतले सुटे भाग एकत्र करून जुळवाजुळव चालू आहे. गंमत अशी की एफएल हे दोन पिढ्यांच्या मधलं विमान आहे. कॉकपिटची काच जुन्या पीएफ मिगसारखी, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली एकसंध; पण शेपटीचं उभं पातं नंतरच्या विमानांसारखं रुंद. नंतरच्या पीएफएम मिगची काच बसवली की संपलं, कारण तिची पुढची काच वेगळी, जागेवर पक्की आणि मागचा भाग बाजूला उघडतो. हे एक कळलं की लोकांची निम्मी 'एफएल' मॉडेलं ओळखू येतात की ती एफएल नाहीत.

एफएलमध्ये अंगची तोफ नव्हती. पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड टांगायचे, आत २३ मिलिमीटरची दोन नळ्यांची जीएसएच-२३. तो लावला की मधली इंधनटाकी लावता येत नाही, हेही बरेच जण विसरतात. मी मात्र पॉड लावणार नाही. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग गेले ते ५७ मिलिमीटरची रॉकेट्स घेऊन; पंखांखाली यूबी-१६चे पॉड, प्रत्येकात सोळा. तेच करतोय. सध्या पॉडच्या तोंडाची ती सोळा भोकं ०.५च्या ड्रिल बिटने मोकळी करतोय. डोळे गेले.

एफएल मुळात रंग नसलेलं, उघड्या धातूचं. युद्धाच्या तोंडावर त्यावर स्क्वाड्रनमध्येच हिरवे पट्टे ओढले गेले. म्हणजे खाली धातू, वर घाईचा रंग, कडांना तो खरवडलेला. हे कसं दाखवायचं यावर सूचना हव्यात.

रंकाळाकाठ
धागा बेस्ट. माझं काम १/३५. सेंच्युरियन, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता', १७ पूना हॉर्स, बसंतर, १६ डिसेंबर १९७१. मूळ रणगाडा आता अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. आपल्याकडून एका दिवसात जाऊन येता येतं आणि तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय तर बघाच. इतके वेगवेगळे रणगाडे एका आवारात दुसरीकडे कुठं बघणार?

किट घेताना तोफेकडे बघा. आपल्या १९७१च्या सेंच्युरियनवर २० पौंडी तोफ होती, ८४ मिलिमीटर. बाजारात मिळणारी बरीच किटं १०५ मिलिमीटरच्या तोफेची आहेत, कारण पुढे जगभर तीच बसली. मी घेतलेल्या किटची नळी दोन अर्ध्या तुकड्यांत आहे. तसल्या नळीचा सांधा घासून घासून ती गोल राहतच नाही, अंडाकृती होते. म्हणून उद्यमनगरात लेथवर पितळी नळी कातून घ्यायचं मनात आहे.

उद्यमनगरी_लेथ
आलं का आमच्याकडं. @रंकाळाकाठ, तुझं डोक्यात आहे ते होतंय, पण सोपं नाही. बारीक व्यास आणि लांब जॉब. लांबी व्यासाच्या दहा-बारापटीच्या वर गेली की टूल लागल्या लागल्या जॉब वाकतो, थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. तुझी नळी त्याच्या कितीतरी पुढं. टेलस्टॉकचा सेंटर द्यावाच लागणार, आणि टूलच्या मागून आधार. वर परत टेपर, म्हणजे नळी टोकाकडे निमुळती. साधं पितळ नको, ॲल्युमिनियमही गोळा होतं टूलला. फ्री कटिंग ब्रास म्हणून सांगायचं, त्याचा चुरा पडतो, धागा निघत नाही. आणि कागदावर नुसतं 'असं असं गोल' असं काढून आणू नको. व्यास लिहून आण, दर २० मिलिमीटरला.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
नमस्कार, मी नवीन. शाळेत असताना केलेलं, आता परत सुरू केलंय. मला निर्मलजितसिंग सेखों यांचं नॅट विमान करायचं आहे. एअरफिक्सचं १/७२ नॅट घेतलंय, खोक्यावर लाल रंगाचं रेड ॲरोज आहे. फक्त रंग बदलून तिरंगी गोल लावले की झालं ना? पुट्टी कुठली वापरू तेही सांगा.

शून्य_पॉइंट_तीन
स्वागत. पण फक्त रंग बदलून होणार नाही. रेड ॲरोज उडवायचे ते नॅट टी-१, दोन जणांचं ट्रेनर. आपलं नॅट एकट्याचं लढाऊ. दोघांत नुसता एका सीटचा फरक असता तर मागची सीट बुजवून भागलं असतं. पण टी-१ लांब आहे आणि त्याचा पंखच वेगळा आहे. लढाऊ नॅटचा पंखविस्तार ६.७३ मीटर, ट्रेनरचा ७.३२. १/७२ला भाग दिला की साडेत्र्याण्णव मिलिमीटर आणि जवळपास १०२ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. त्यात लढाऊ नॅटचे एलेरॉन (विमान कलतं करणारी हलती पाती) पंखाच्या आतल्या बाजूला, तेच उतरताना खाली झुकून फ्लॅपचं काम करायचे. ट्रेनरला आत फ्लॅप, बाहेर एलेरॉन, अशी सरळ रचना. म्हणजे पंखावरच्या रेषाही पुसून नव्याने कोरायच्या. आणि तोफा! ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा, हवा घेणाऱ्या तोंडांच्या बाजूला. ट्रेनरला त्या नाहीतच.

एकट्याच्या नॅटचं १/७२ किट स्पेशल हॉबीने काढलंय. मिळालं तर ते घे. जोड थोडे सैल असतात, पण आकार बरोबर.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
अरेरे. मग या किटचं काय करू?

रंकाळाकाठ
रेड ॲरोज कर की भावा. लाल रंग नीट बसवणं हीच मोठी परीक्षा आहे. राखाडी प्रायमरवर लाल मारलास तर विटकरी दिसेल. आधी गुलाबी किंवा पांढरा हात दे, मग लाल. यावर हात बसला की सेखोंच्या विमानाला हात घाल. भारतीय हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र आहे ते, नवशिक्या हातानं नको.

मंगळवार_पेठ_मॉडेलर
गंमत बघा, ढाक्याचं मिग आणि श्रीनगरचं सेखोंचं नॅट, दोन्ही १४ डिसेंबर १९७१. आणि रंकाळाकाठचा रणगाडा दोन दिवसांनंतरचा. डिसेंबरपर्यंत तिघांनी संपवलं तर एका टेबलावर मांडता येतील.

उद्यमनगरी_लेथ
कुठल्या डिसेंबरपर्यंत ते सांगा आधी.

ताराराणी_चौक
युद्ध थोडं बाजूला ठेवता का? माझ्या टेबलावर एसटी आहे. लालपरी. किट मिळत नाही, त्यामुळे सगळी एचआयपीएस (पॉलिस्टीरिन प्लास्टिक) शीटमधून. एक मिलिमीटरच्या शीटचा सांगाडा, वर अर्ध्या मिलिमीटरचं पत्र्याचं काम. स्केल मुद्दाम १/३५ घेतलं, कारण रणगाडेवाल्यांची सगळी माणसं, टायर, पत्र्याचे डबे, पाण्याचे कॅन या मापात मिळतात. अडीच मीटर रुंदी म्हणजे ७१ मिलिमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावर उभं राहून टेपने मापं घेतली. कंडक्टरनी "काय इन्शुरन्सचं आहे का?" विचारलं.

अडलंय ते रिव्हेटवर. बाजूच्या पत्र्यावर खिडकीखाली रिव्हेटची ओळच्या ओळ आहे. ती नसेल तर एसटी वाटतच नाही, कुठलीही लाल बस वाटते. सुईने मागून टोचून उठाव आणते, पण अंतर एकसारखं येत नाही. दोन रिव्हेट जवळ आले की नजर तिथेच जाते.

गुजरीतला_चिमटा
ताई, जुन्या गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक काढा. त्याला दांडीवर बसवा, फिरतं ठेवा. पोलादी पट्टी धरून शीटच्या मागून ओढा. दात एकसारखे, म्हणून टोचेही एकसारखे. विकतची रिव्हेटची चाकंही याच तत्त्वावर आहेत, फक्त ती महाग. शीट खाली कडक काचेवर नको, रबरी कटिंग मॅटवर ठेवा, नाहीतर उठाव येणार नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या शीटला जोर लावावा लागेल. पाव मिलिमीटरचं मिळालं तर उत्तम, नाहीतर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या जाड प्रकारावर टोचून तो पत्रा वरून चिकटवा. जुन्या लालपरीचा खरा पत्राही ॲल्युमिनियमचाच.

ताराराणी_चौक
फॉइलचं सुचलंच नव्हतं. करून बघते. बाकी नंबर प्लेट एमएच-०९ लावावी म्हणते, आपली.

मंगळवार_पेठ_मॉडेलर
नको नको! एसटीची बॉडी ज्या कार्यशाळेत बांधली तिथल्या आरटीओचा नंबर मिळतो. दापोडीची गाडी एमएच-१४, चिकलठाण्याची एमएच-२०, नागपूरच्या हिंगण्याची एमएच-४०. कोल्हापूर डेपोची गाडी म्हणून एमएच-०९ लावलीत तर एसटीप्रेमी तुम्हाला सोडणार नाहीत. मॉडेलवाल्यांपेक्षा ते कडक आहेत. आपल्याकडे दिसतात त्या एमएच-१४ बीटी मालिकेतल्या बऱ्याच.

ताराराणी_चौक
वाचवलंत. खिडक्यांना ओएचपीची पारदर्शक शीट वापरतेय. फेविक्विकने चिकटवू का?

गुजरीतला_चिमटा
अजिबात नको. सायनोॲक्रिलेटची वाफ काचेवर बसते आणि काच धुरकट पांढरी होते. साधं फेविकॉल. वाळल्यावर पारदर्शक, जास्त झालं तर ओल्या बडने पुसता येतं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
एक अडचण आली. रेड ॲरोजच्या लालवर काल संध्याकाळी लॅकर ग्लॉस मारला, धो धो पाऊस होता. थोड्या वेळात पंखावर पांढरट साय आल्यासारखं झालं. सगळं खरवडायचं का?

शून्य_पॉइंट_तीन
थांब, खरवडू नकोस. याला आपण 'पांढरं मारणं' म्हणतो, कोल्हापुरात जुलैमध्ये हे ठरलेलं. कारण समजून घे म्हणजे उपाय आपोआप कळेल. लॅकरमधला थिनर फार पटकन उडतो. उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवेत ओलावा भरपूर असेल तर त्या थंड पृष्ठभागावर पाणी धरतं आणि वाळणाऱ्या थरात अडकतं. ते पाणी म्हणजे तुझी पांढरी साय.

उपाय: पावसाची उघडीप असलेल्या दुपारी हळू उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर असलेला लेव्हलिंग थिनर, एअरब्रशमधून अगदी हलका, नुसता ओला दिसेल इतका मार. वरचा थर पुन्हा सैल होतो, पाणी निघून जातं, पारदर्शकपणा परत येतो. एका हातात नाही गेलं तर तासाभराने पुन्हा. भिजवू नकोस, खालचा लाल हलेल. मॅट मारताना पांढरं पडलं असेल तर बऱ्याचदा वरून ग्लॉसचा एक हात दिला की जातं.

आणि कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून पाणी काढ. या हवेत टाकीत किती पाणी साठतं ते बघून दचकशील. टाकीतून येणाऱ्या नळीवर ओलावा पकडणारा फिल्टर असेल तर त्याची वाटीही रिकामी कर, नाहीतर मधेच एक थेंब थेट मॉडेलवर.

पेठेतला_पुणेकर
मुळात पावसाळ्यात लॅकर मारायचाच कशाला? पाण्यावरचे ॲक्रिलिक वापरा. वास नाही, पांढरं नाही.

शून्य_पॉइंट_तीन
पाण्यावरचे तर पावसाळ्यात वाळतच नाहीत हो. वरून कोरडे वाटतात, बोट लावलं की ठसा. आणि एक सांगायला हवं, कारण नवीन लोक दरवेळी इथे अडकतात: सगळे 'ॲक्रिलिक' एक नाहीत. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलशी जमतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ होतात, लेव्हलिंग थिनरने तर अजून छान उडतात. वयेहोच्या बाटलीत अल्कोहोल घातलंत की रंग फाटून गुठळ्या होतात आणि एअरब्रशचं नाक बंद. दोघांच्या बाटलीवर ॲक्रिलिकच लिहिलेलं.

पेठेतला_पुणेकर
ते मान्य. पण इथे काही जण गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला प्रायमर सुचवतात, त्याला माझा विरोध आहे. चांगल्या किटवर असले प्रयोग का करायचे? मिस्टर सरफेसर (खास मॉडेलसाठीचा प्रायमर) मागवा आणि मोकळे व्हा.

उद्यमनगरी_लेथ
मागवा म्हणणं सोपंय. ज्वलनशील माल, विमानाने येत नाही, आला तर महाग आणि कधी येईल ते देव जाणे. मी वर्षानुवर्षं गाड्यांचाच राखाडी सरफेसर मारतोय, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये. अट एवढीच की पहिला हात धुरळ्यासारखा कोरडा मारायचा. ओला मारलात तर थिनर प्लास्टिक खातो आणि बारीक रेषा भरून जातात. आणि 'हॉट थिनर' किंवा 'पीयू थिनर' म्हणून मिळतात त्यांच्या नादाला लागू नका. आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर मारून रात्रभर ठेवा. स्प्रू मऊ पडला तर दुकान बदला.

मंगळवार_पेठ_मॉडेलर
दोघांचंही बरोबर, पण स्केल बघा. १/३५च्या रणगाड्यावर गाडीचा सरफेसर चालतो, त्याला ओतीव लोखंडाचा खरबरीत पोत हवाच असतो. १/७२च्या विमानावर तो जाड. ०.२ मिलिमीटरची रेषा १/७२मध्ये खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची फट झाली. आधीच रेषा जाड, त्यात प्रायमरही जाड, मग त्यात काळा वॉश (रेषांत सोडायचा पातळ रंग). विमान पत्र्याचं वाटायच्या ऐवजी फरशीचं वाटतं. मी तर १/७२वर वॉशसाठी काळा वापरतच नाही. कॅम्लिनची तैलरंगाची बर्न्ट अंबरची ट्यूब, पुठ्ठ्यावर थोडा वेळ ठेवून तेल शोषून घ्यायचं, मग टर्पेंटाइनमध्ये. आणि टर्पेंटाइन जोडांच्या भेगांत साचू देऊ नका. ताणाखाली असलेलं पॉलिस्टीरिन त्याने तडकतं.

शून्य_पॉइंट_तीन
माझ्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळेल का? धातूवरचा घाईचा हिरवा.

पेठेतला_पुणेकर
हेअरस्प्रे. त्यासाठी याहून चांगलं काही नाही. आधी धातूचा लॅकर, पूर्ण वाळू द्या. त्यावर साध्या दुकानातल्या हेअरस्प्रेचे दोन हात. तो वाळला की हिरवा तामिया ॲक्रिलिक. तासाभराच्या आत कोमट पाण्याचा ब्रश फिरवा, खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि हिरवा तुकड्या-तुकड्याने सुटतो. दुसऱ्या दिवशी कराल तर काही सुटणार नाही.

पण मिगवर हात आवरा. रणगाड्यासारखे टवके काढू नका. जिथे माणसाचा हात, पाय, शिडी लागते तिथेच: कॉकपिटची कड, पंखाचं मूळ, नाकाजवळच्या झाकणांचे स्क्रू. आणि धातू चकचकीत नको. मिगचा पत्रा संरक्षक लॅकर मारलेला, मंद दिसतो. स्टीलचं नवं ताट दिसलं तर चुकलं.

शून्य_पॉइंट_तीन
हे पाहिजे होतं. धन्यवाद. हिरवा मात्र मी एअरब्रशने न मारता मऊ ब्रशनेच ओढायचा विचार करतोय, कारण मूळ पट्टे...

मंगळवार_पेठ_मॉडेलर
१/४८ला ब्रशचे ओरखडे खऱ्या मापात दोरखंडाएवढे दिसतील. एअरब्रशने मार, कडा मात्र किंचित ओबडधोबड ठेव. नोझल ०.३, दाब १५ पीएसआयच्या आसपास, रंग दुधाइतका पातळ, आणि जवळून.

हात बसवायचा असेल तर गणपतीच्या आधी बापट कॅम्पात किंवा गंगावेशीत कुंभारांकडे जाऊन उभा राहा. त्यांची गन मोठी, दाब जास्त, रंग वेगळा. ते काही आपल्या कामाचं नाही. बघायचं ते मनगट. हवा मूर्तीच्या बाहेर सुरू करतात, हात सरळ रेषेत मूर्तीवरून नेतात, पलीकडे गेल्यावर चाप सोडतात. रंग कधीच मूर्तीवर सुरू होत नाही आणि मूर्तीवर संपत नाही. आपण नेमके पंखाच्या मध्यावर चाप दाबतो आणि मग तिथे डाग.

रंकाळाकाठ
खरंय. आणि डोळ्यांची आखणी बघा. १/३५च्या माणसांचे डोळे रंगवताना मला तेच उपयोगी पडलं: ते आधी काळी रेघ काढून पांढरं भरत नाहीत. पांढरं आधी, बाहुली नंतर, वरच्या पापणीची रेघ सगळ्यात शेवटी, एका श्वासात. १/३५ला तर मी पांढराही शुद्ध घेत नाही, थोडा मांसल रंग मिसळतो. नाहीतर रणगाड्यातला जवान भूत बघितल्यासारखा दिसतो.

बरं, चिखल. बसंतर नदीच्या पात्रातला, सुरुंगपट्ट्यातून आलेला रणगाडा आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याची माती आणून चाळून ठेवलीय.

गुजरीतला_चिमटा
पन्हाळ्याची? लाल जांभ्याची माती शकरगडच्या रणगाड्यावर? अहो तो पंजाबचा गाळाचा प्रदेश. तिथली माती फिकट, राखाडी-पिवळसर. आपली लाल माती लावली तर रणगाडा बसंतरहून नाही, जोतिबाच्या घाटातून आलाय असं वाटेल.

रंकाळाकाठ
😄 रंग मी वरून देणार होतो. माती फक्त पोतासाठी.

गुजरीतला_चिमटा
पोतासाठीही नको. साधी माती कितीही चाळली तरी १/३५ला तिचा प्रत्येक कण खडा होतो. मलमलच्या कापडातून जे खाली पडेल तेवढंच घ्यायचं आणि तव्यावर कोरडं भाजून घ्यायचं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. त्यापेक्षा पांढरी टाल्क पावडर, चित्रकलेचे खडू घासून केलेली पूड आणि पातळ फेविकॉल. रंग हातात राहतो.

तुझ्या सेंच्युरियनला फोटो-एच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग) आहे का? बाजूचे पत्रे वगैरे?

रंकाळाकाठ
आहे. पितळी. आणि वाकवताना दर वेळी मधेच वेडावाकडा होतो. माझा एक मडगार्ड वाकलेला बरा दिसतो, खरा रणगाडाही ठेचलेला असतो. पण जाळ्यांना ते चालत नाही.

गुजरीतला_चिमटा
पितळ कडक असतं, आधी मऊ करून घ्यावं लागतं. आमच्याकडे चांदीचं काम करताना सारखं हेच चालतं, हुपरीत तर घराघरांत. धातू ठोकला, वाकवला की ताठ होतो. तापवला की पुन्हा मऊ. पण दागिन्याचा पत्रा आणि तुझा पत्रा यात जाडीचा फरक आहे. फुंकणी लावलीस तर तो पातळ पितळी पत्रा बघता बघता वितळेल. मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीच्या टोकावरून चिमट्याने सरकवत ने, रंग बदलायला लागला की बाहेर. पाण्यात बुडवायची गरज नाही, हवेत थंड होऊ दे. काजळी पुसून घे. मग दोन दाढीच्या ब्लेडच्या मध्ये धरून वाकव, बोटांनी नाही. गोल वाकवायचं असेल तर ड्रिल बिटच्या मागच्या दांडीवर गुंडाळ.

जाळी मऊ करू नकोस मात्र. ती कडकच राहू दे, नाहीतर हात लागला की खड्डा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
पांढरं गेलं! आज दुपारी ऊन होतं, दोन हलके हात मारले. आता डिकॅल (पाण्यात सोडवून लावायची चिन्हं) लावू का लगेच?

शून्य_पॉइंट_तीन
लगेच नाही, ग्लॉस नीट कडक होऊ दे. डिकॅलखाली हवा अडकली की ती चांदीसारखी चमकते. खरखरीत पृष्ठभागावरच ती अडकते, म्हणून ग्लॉस. पाण्यात बुडवून कागदावर सैल झाली की विमानावर सेटिंग सोल्युशनचा थेंब, त्यावर डिकॅल सरकव, बडने मधून बाहेर पाणी काढ. मग सॉफ्टनर. सॉफ्टनर लावल्यावर डिकॅल सुरकुतते आणि जीव घाबरतो. तेव्हा हात लावायचा नाही! ती स्वतः सपाट होते.

पुढे सेखोंचं नॅट करशील तेव्हा आपल्या गोलाचा क्रम लक्षात ठेव: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. परदेशी किटांमध्ये केशरी कधी लाल, कधी पिवळट येतो. तो तपासून घे.

उद्यमनगरी_लेथ
@रंकाळाकाठ, शेजारच्या वर्कशॉपमध्ये विचारलं. एक नळी करणार नाही म्हणतात. सेटिंगलाच अर्धा दिवस जातो, एका जॉबला परवडत नाही. तीन-चार असतील तर रविवारी करू. ड्रॉइंग आधी पाहिजे.

रंकाळाकाठ
मला एक फामागुस्तासाठी, एक राखीव. आणखी कोणाला सेंच्युरियनची २० पौंडी पाहिजे?

पेठेतला_पुणेकर
एक माझी. पैसे आगाऊ देतो. पुण्याला कुरिअर कराल का?

ताराराणी_चौक
मला तोफ नको, पण त्याच सेटिंगवर एसटीच्या चाकांचे रिम होतील का? सहा पाहिजेत, मागे जोडचाकं आहेत.

उद्यमनगरी_लेथ
रिम वेगळं सेटिंग, पण सोपं आहे. सहा काय, सातवं स्टेपनीचं धरा. माप पाठवा.